पहिल्या क्वाडकॉप्टरच्या सुट्या भागांत मी कसा फसलो

पहिलं क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचं ड्रोन, स्वतःच्या हाताने बनवायचं ठरवलं आणि त्यात मी पुरता फसवला गेलो. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण जास्त राग येतो तो याचा की दोन महिने मी सगळा दोष स्वतःकडे घेत राहिलो. सोल्डरिंग कच्चं, सेटिंग चुकलं, हात नवखा, असंच वाटत राहिलं. विकणाऱ्याने नेमकं हेच हेरलं होतं. काही जळलं, बिघडलं की नवशिक्या आधी आपलंच काय चुकलं ते शोधतो, आणि तो शोधत असतो तोवर माल परत करायची मुदत निघून जाते.

माझी चौदा वर्षांची भाची या खेळात माझी भागीदार. तयार ड्रोन नको, मामा, आपण बनवू, हा हट्ट तिचाच. पाच इंची प्रॉपेलर, ४एस (एकापुढे एक जोडलेल्या चार सेलची) बॅटरी, कार्बन फायबरची फ्रेम एवढं ठरलं होतं. भाग शोधताना एका विक्रीच्या संकेतस्थळावर एक जाहिरात दिसली: नवशिक्यांसाठी पूर्ण सेट, सगळं ओरिजिनल, मार्गदर्शन मोफत. फोन केला तर माणूस तासभर बोलला आणि त्याला विषय खरोखर येत होता. "दादा, दहा ठिकाणांहून भाग घेतलेत तर एकमेकांना जुळणार नाहीत," असं म्हणाला. मोटरचा केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे) आणि बॅटरीचे व्होल्ट यांचं गणित जमावं लागतं, मोटर जेवढा करंट ओढते त्याहून जास्त ईएससीने (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणाऱ्या भागाने) पेलावा लागतो, हे त्याने मला समजावलं. ते सगळं बरोबर होतं. माझा विश्वास बसला तो इथेच. ज्ञान खरं असलं की माणूसही खरा असेल असं आपण धरून चालतो.

मग त्याने दोन गोष्टी सुचवल्या. पैसे विक्रीच्या संकेतस्थळावरून न देता थेट त्याच्या खात्यात पाठवायचे, म्हणजे मधलं कमिशन वाचेल आणि तेवढी सूट तो मला देईल. आणि माल आला की सुटं सुटं काही तपासत बसायचं नाही. "सगळं जोडा, मगच पॉवर द्या. सुट्या भागात काही कळत नाही, उगाच एखादा भाग उडेल." परत करायची मुदत सात दिवसांची होती. सोल्डर लागलेला भाग तो परत घेत नाही, हे मात्र नंतर कळलं.

पार्सलमध्ये एकाही भागाला मूळ खोका नव्हता, सगळं पारदर्शक पिशव्यांत. वजन वाचवायला खोके काढले, म्हणाला. मीही पुढे काही विचारलं नाही.

जोडणीला तीन आठवडे लागले. संध्याकाळी तासभर मी आणि भाची बसायचो, ती तारा धरायची, मी सोल्डरचे डाग द्यायचो. शेवटी प्रॉपेलर न लावता बॅटरी जोडली, मोटर फिरवून पाहायला घेतल्या. तीन फिरल्या. चौथीने दोन झटके दिले आणि ईएससी बोर्डाच्या कोपऱ्यातून ठिणगी उडून धूर आला. भाची दचकून मागे सरली आणि पहिला प्रश्न तिने हाच विचारला, "मामा, माझ्याकडून तार हलली का?" तो प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. दोन मिनिटांत उत्तर आलं, दोन डाग एकमेकांना चिकटलेत, सोल्डर ब्रिज झालाय, नवीन लोकांकडून होतंच. मी भिंगाखाली पाहिलं, मला ब्रिज दिसला नाही. तरी त्याचंच खरं मानलं आणि दुसरा बोर्ड पुन्हा त्याच्याकडूनच घेतला.

दुसऱ्या बोर्डावर क्वाड उडालं. जमिनीपासून मीटरभर वर, थरथरत. दोन मिनिटं होत नाहीत तोच बॅटरीचा इशारा वाजायला लागला. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी १६.८ व्होल्ट दाखवायची, थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, अर्धा दिला की १३.४ वर कोसळायची, थ्रॉटल सोडला की पुन्हा वर यायची. खाली उतरवल्यावर मोटर हात लावू नये इतक्या गरम. विक्रेता म्हणाला, ट्यूनिंग चुकलंय. त्याने आकडे पाठवले, मी भरले, पुन्हा तेच. बॅटरी चौथ्या चार्जिंगला उशीसारखी फुगली. त्यावर तो म्हणाला, तुम्ही ती जास्त उतरवली असणार. खाली उतरवल्यावर मोजलं तर मी सेलमागे ३.५ व्होल्टच्या खाली कधीच जाऊ दिलं नव्हतं, तसं वहीत लिहून ठेवलं होतं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हा माणूस बरोबर नाही.

ओळखीत एक काका आहेत, बरीच वर्षं रेडिओ कंट्रोलची विमानं उडवणारे. सगळा पसारा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा ना सोल्डर पाहिलं ना सेटिंग. वजनकाटा काढला आणि बॅटरी त्यावर ठेवली. १२१ ग्रॅम. ४एस १५०० एमएएच (क्षमतेचं माप) ची, जोरात करंट देणारी बॅटरी साधारण १७० ते १९० ग्रॅमची असते, म्हणाले. क्षमता आणि वजन सोबत चालतात, त्यात लबाडी करता येत नाही. वरचं प्लास्टिक कापलं तर आत दुसरं लेबल होतं, १००० एमएएचचं. वर १०० सी असं छापलेलं, सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट बॅटरी देऊ शकते तो आकडा. १५०० एमएएचला १०० सी म्हणजे दीडशे अँपिअर, आणि तिला लावलेला एक्सटी६० कनेक्टरच मुळात ६० अँपिअरसाठी बनवलेला असतो. सी चा आकडा चांगल्या कंपन्याही फुगवून छापतात, पण इथे आत सेलच दुसरे होते.

पहिल्या दिवशी चार्जरवर मला हे सगळं कळू शकलं असतं. बरेच बॅलन्स चार्जर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आत करंटला होणारा अडथळा, दाखवतात. या मापाच्या ताज्या, चांगल्या सेलचा तो १० मिलिओहमच्या आत असतो. माझ्या वहीत पहिल्याच चार्जिंगची नोंद होती, भाचीने केलेली: २२, २४, २५, ४१. आम्हाला त्याचा अर्थ माहीत नव्हता. बेरीज ११२ मिलिओहम. ३० अँपिअर ओढले की ३.३६ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच खर्च होतात. १६.८ मधून वजा करा, १३.४ येतात, म्हणजे उडवताना दिसायचा तोच आकडा. काकांनी हे गणित कागदावर मांडलं तेव्हा भाची नुसती बघत राहिली. त्यात तिची तार नव्हती, माझा डाग नव्हता, ट्यूनिंग नव्हतं. आणखी एक खूण म्हणजे चार्जर आत किती एमएएच भरले ते सांगतो. सेलमागे ३.५ वरून ४.२ व्होल्टपर्यंत भरताना १५०० ची बॅटरी नऊशेच्या आसपास थांबत असेल, तर ती १५०० ची नाहीच. यातल्या कशालाही सोल्डर लागत नाही.

ईएससी बोर्डावर ४५ अँपिअर छापलेलं. चारही मोटरचे ईएससी एकत्र असलेल्या फोर-इन-वन बोर्डावर मोटरमागे सहा असे मिळून २४ मॉसफेट असतात, मोटरला करंट देणारे छोटे चौकोनी स्विच. दोन्ही बोर्डांवर त्यांच्या पाठीवरचे नंबर घासून काढले होते. ज्याला लपवायचं आहे तोच ते घासतो. चांगल्या बोर्डावर मॉसफेटचा नंबर वाचता येतो आणि तो किती करंट पेलतो हे पडताळता येतं. पहिला बोर्ड का जळला ते आता खात्रीने सांगता येणार नाही, पण भिंगाखाली काकांनाही ब्रिज दिसला नाही.

मोटरचं दुःख वेगळं. त्या नव्या नव्हत्याच. फ्रेमला घट्ट बसवायच्या चारही भोकांच्या आट्यांमध्ये निळे कण होते. कंपनाने स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना निळा द्रव लावतात, त्याचे हे अवशेष, आणि आम्ही तो द्रव वापरलाच नव्हता. तारा आखूड होत्या, टोकांना जुनं सोल्डर. एका मोटरचा शाफ्ट किंचित वाकलेला, बोटाने फिरवली की बेअरिंग करकर वाजायचं. कोणाच्या तरी आपटलेल्या क्वाडमधून काढलेल्या मोटर पुसून आम्हाला विकल्या होत्या.

फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे उडताना क्वाड सावरणारा बोर्ड, एफ४०५ चिपचा म्हणून घेतला होता. मुख्य चिपवर 'तपासले' असा स्टिकर होता. तो खरवडला तर खाली एफ४११. एफ४११ वर क्वाड उत्तम उडतं, ती चिप वाईट नाही. पण तिच्यावर जोडण्यांसाठी पोर्ट कमी असतात, स्वस्त पडते, आणि आम्ही पैसे दुसरीचे दिले होते. हे पाहायला स्टिकर काढायचीही गरज नाही. बोर्ड यूएसबीने संगणकाला जोडायचा, बीटाफ्लाइट या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये आज्ञा लिहायची सीएलआय ही जागा असते, तिथे status लिहायचं. कोणती चिप आहे, जायरो (हालचाल ओळखणारा सेन्सर) सापडला की नाही, सगळं समोर येतं. बॅटरी लागत नाही, पाच मिनिटांचं काम.

फ्रेमवर काकांनी मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, धरला. कापलेल्या कडेवर थोडं खरवडून दोन टोकं लावली तर खऱ्या कार्बन फायबरमधून वीज जाते. आमच्या फ्रेममधून गेली नाही. काळा रंग दिलेलं काचतंतूचं पान होतं ते. भुजा हाताने वाकत होत्या. लवचीक भुजांमुळे सगळी फ्रेम थरथरते, जायरोला ती थरथर हालचाल वाटते, कंट्रोलर ती सावरायला मोटरना सतत मागेपुढे करतो, आणि मोटर तापतात. दोन महिने ज्याला आम्ही ट्यूनिंग म्हणत होतो ते हे होतं.

आमच्याकडून जे राहून गेलं तेही सांगतो. पहिली बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस आणि मायनस पॅडमध्ये शॉर्ट आहे का ते पाहायला हवं. क्षणभर वाजून थांबलं तर तो कपॅसिटर, सतत वाजत राहिलं तर बॅटरी लावू नका. आणि बॅटरी व क्वाड यांच्या मधे, एकाच तारेत, गाडीचा १२ व्होल्टचा दिवा जोडा. शॉर्ट असेल तर दिवा भडक पेटतो आणि करंट तिथेच अडतो. मोटर जोरात चालवताना तो काढावा लागतो, म्हणून त्याने खोटा ईएससी पकडला जाईलच असं नाही. तरी तो लावाच.

हे सगळं विक्रेत्याला फोटोंसकट पाठवलं. आधी म्हणाला, मलाही वरून असाच माल आला. मग म्हणाला, सोल्डर लागलंय. नंतर नंबर बंद झाला. विक्रीच्या संकेतस्थळाने कळवलं की व्यवहार त्यांच्यामार्फत झालेला नाही. बँकेने कळवलं की पैसे मी स्वतः, माझ्या मर्जीने पाठवले. दोघांचंही म्हणणं नियमाला धरून होतं, आणि कमिशन वाचवायचा सल्ला त्याने का दिला होता ते मला तेव्हा कळलं.

फुगलेली बॅटरी घराबाहेर उघड्यावर, दिव्याला जोडून पूर्ण उतरवली आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. फुगलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, घरात ठेवू नका, टोचू नका. ती पेट घेते.

परवा भाचीला तीच जाहिरात नव्या नावाने दिसली. तोच सेट, तीच वाक्यं, आणि वर 'आमच्या ग्राहकाने बनवलेलं' म्हणून आमच्याच क्वाडचा फोटो. सोल्डर तपासायला म्हणून मी तो पाठवला होता. नारिंगी प्रॉपेलर आहेत, मागच्या उजव्या भुजेवर पिवळी टेप गुंडाळलेली आहे, आणि डाव्या कोपऱ्यात तार धरलेला भाचीचा हात दिसतो. हा फोटो असलेला सेट घेऊ नका.