एर्टिगात सीटखाली सबवूफर: दहा महिने झाले, डिकी जशीच्या तशी

आमचा धंदा कोल्हापुरी चपलांचा. भावाचं दुकान कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीत, आणि पुणे, सावंतवाडी, बेळगावच्या दुकानदारांना माल पोचवायचं काम माझ्याकडं. गाडी एकच, एर्टिगा. आठवडाभर तिसरी रांग पाडून पेट्या भरायच्या आणि रविवारी तीच रांग उभी करून घरच्या सात जणांना जोतिबाला नाहीतर आंबोलीला न्यायचं. त्यामुळं डिकीत एक वीत जागाही कुणाला द्यायची माझी तयारी नव्हती.

पण गाणं हाही माझा जीव की प्राण. लहानपणापासून कानावर हलगी-घुमकं. गाडीतल्या कंपनीच्या स्पीकरवर हलगीची कडकड झकास यायची, पण घुमक्याचा घुमारा कुठंच नाही. तबल्याचंही तसंच, चाटीचा बोल स्वच्छ आणि डग्गा नुसता टपटप. वाद्याचा अर्धा जीव हरवल्यासारखं वाटायचं.

ज्या दुकानात पहिल्यांदा चौकशी केली, तिथं सगळे एकच सांगायचे, डिकीत बारा इंची सबवूफरची पेटी टाका. सबवूफर म्हणजे फक्त खालचे, घुमणारे सूर वाजवणारा स्पीकर. तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाची डिकी २०९ लिटरची, तिसरी रांग पाडली की ५५०. पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेली बारा इंची पेटी आतून साधारण ५० लिटर घेते, वर प्लायची जाडी वेगळी. म्हणजे रविवारच्या डिकीचा चौथा हिस्सा गेला, आणि चपलांच्या पेट्या सरळ आत सरकवायची सोय गेली ती निराळीच. स्टेपनीच्या खळग्यात बसणारे सबवूफरही मिळतात, पण एर्टिगाची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली बाहेरून टांगलेली असते, तो मार्ग आधीच बंद. राहिला तो सीटखालचा चपटा सबवूफर. आठ इंची, ॲम्प (आवाजाला ताकद देणारं यंत्र) आतच, उंची ७ सेंटीमीटर.

सीटखालून आवाज येईल तो विचित्र वाटणार नाही का, ही शंका मलाही होती. वाटत नाही. ४० हर्ट्झच्या खोल आवाजाच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते आणि माझी अख्खी एर्टिगा ४.३९५ मीटरची. गाडीच्या दुप्पट लांबीची लाट कुठून निघाली हे कानाला ओळखता येत नाही. शिवाय काचा लावलेल्या बंद गाडीत खालचे सूर आपोआप फुगतात, म्हणूनच एवढासा डबा चालून जातो. मात्र वरच्या सुरांची जागा कान लगेच पकडतो. फिल्टर, म्हणजे सबवूफरनं कितीच्या वरचे सूर सोडून द्यायचे ती खूण, १२० हर्ट्झवर ठेवला, तर गायक ड्रायव्हरच्या मांडीखाली बसून गातोय असं वाटतं. मी तो ८० वर ठेवलाय.

आता मापाचं. हे मी नीट सांगणार, कारण इथंच लोक फसतात. माझ्या गाडीत शेजारच्या सीटखाली हायब्रिडची लिथियम बॅटरी आहे, म्हणून जागा उरली ती फक्त ड्रायव्हर सीटखाली. टेप घेऊन मोजलं तेव्हा साडेनऊ सेंटीमीटर भरलं. मग सीट पुढं सरकवली आणि आडव्या दांड्याखाली माप निघालं साडेआठ. आणि भाऊ सीटवर बसला, त्याचं वजन नव्वद किलो, तेव्हा आठ. मोजायचं ते असं, जड माणूस बसवून आणि सीट दोन्ही टोकांना नेऊन. सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅग-सीटबेल्टच्या. त्यांना हात लावायचा नाही आणि डबा त्यांना घासता कामा नये.

दसऱ्याला बसवून घेतला. ज्यानं बसवला त्यानं तासाभरात काम उरकलं, आणि तिथंच घात झाला. ॲक्सिलरेटर दाबला की बेससोबत बारीक शिट्टी, गाडी पळेल तशी चढत जाणारी. तिसऱ्या दिवशी सकाळी पेट्या भरून पुण्याला निघायचं, तर गाडी सुरूच होईना. बॅटरी पार उतरलेली. तेरा पेट्या उतरवून भाड्याच्या टेम्पोत घातल्या आणि त्या दुकानदाराची माफी मागत दुपारी पुण्यात पोचलो. त्या दिवशी डबा काढून फेकावा असं खरंच वाटलं होतं.

उद्यमनगरात एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांच्याकडं गाडी नेली. त्यांनी आधी किल्ली काढायला लावली, मग मल्टिमीटरची पिन ॲम्पला चालू-बंद करणाऱ्या रिमोटच्या बारीक निळ्या वायरीला टेकवली. १२.४ व्होल्ट.

"दादा, हे बघा. किल्ली तुमच्या हातात हाय आणि ॲम्प अजून जागाच हाय. रात्रभर बॅटरी पीत बसतंय."

"आणि शिट्टीचं काय, मामा?"

"अर्थिंग कुठं मारलंय बघा की. रंगावर बोल्ट आवळलाय. रंगातनं करंट जाईल व्हय?"

मी वाकून बघितलं. खरंच, पांढऱ्या रंगावर अर्थिंगच्या वायरीचा लग (टोकाची कडी) तसाच आवळलेला. वर मुख्य वायर स्टिरिओच्या मागून चोरलेली. मामांनी सगळं उपसलं. बॅटरीपासून सहा स्क्वेअर एमएमची अस्सल तांब्याची वायर ओढली. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर मी नेली होती, ती त्यांनी परत करायला लावली. बॅटरीपासून वीतभरावर १५ अँपिअरचा फ्यूज टाकला. म्हणाले, फ्यूज ॲम्प वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो, तो बॅटरीजवळच पाहिजे. बॅटरीची वायर एका बाजूच्या पायदानाखालून, आवाजाची वायर दुसऱ्या बाजूनं. अर्थिंगच्या जागी पॉलिश पेपरनं रंग घासून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वर ग्रीस चोपडलं. आपल्याकडचा पाऊस बघता ते ग्रीस फार गरजेचं. रिमोटची वायर किल्लीसोबत चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर नेली. गाडी चालू केली, ॲक्सिलरेटर दाबला, आणि शिट्टी गायब. त्या क्षणी मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं.

डबा ड्रायव्हर सीटखाली आहे, म्हणजे ब्रेक मारल्यावर तो पुढं सरकून पेडलखाली गेला तर जिवाशी गाठ. नुसत्या वेल्क्रोवर माझा विश्वास नव्हता. तिथल्याच एका वर्कशॉपमधून दोन एल पट्ट्या वाकवून घेतल्या आणि सीटच्या रुळाच्या पायाला क्लॅम्प केल्या. जमिनीला भोक पाडू दिलं नाही, खालून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात.

आवाज बसवायला मात्र मला दोन महिने लागले. स्टिरिओ कंपनीचाच ठेवलाय, सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरींवरून घेतलाय. अशा जोडणीत स्टिरिओवर बेस कमी केला की सबवूफरचाही कमी होतो, म्हणून स्टिरिओवर बेस शून्यावर ठेवायचा आणि पुढचं सगळं सबवूफरच्या नॉबवर. गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा ते, निम्म्याच्या खालीच. आणि सबवूफरची लाट उलटी-सुलटी करणारं फेजचं बटण दोन्हीकडं करून बघाच. माझ्या गाडीत ० वर घुमकं पोकळ यायचं, १८० केल्यावर एकदम भरून आलं. फुकटचा उपाय आहे, पण हे बटण कुणी दाबूनच बघत नाही.

एक खडखड महिनाभर सापडत नव्हती. मिस्त्री दार म्हणायचे, भाऊ नंबर प्लेट म्हणायचा. शेवटी मुलाला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि एकच गाणं पाच वेळा लावलं. तिथल्या सीटबेल्टचं बक्कल प्लॅस्टिकवर टकटक करत होतं. फोमची पट्टी चिकटवली, संपलं. नंबर प्लेटही वाजत होतीच, तिलाही पट्टी लावली.

काय मिळत नाही तेही सांगतो. छातीत धडकणारा बेस नाही. ४० हर्ट्झच्या खाली हा डबा हात टेकतो, आणि जास्त ताणला तर घरघरतो. लहान डबा, खोल बेस आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. ज्यांना मिरवणुकीतल्या डीजेसारखा दणका पाहिजे त्यांनी डिकी द्यावी. मला डग्ग्याची मींड ऐकायची होती, ती आता पूर्ण ऐकू येते, आणि मांडीखालच्या सीटला हलकी जाणवतेसुद्धा. दुसऱ्या रांगेत बसणाऱ्या आईला सुरुवातीला धडधड व्हायची, म्हणून नॉब गिअरजवळ लावून घेतला. ती बसली की निम्म्यावर, आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत वळलो की शून्यावर.

खर्च असा झाला: डबा साडेअकरा हजार, वायर-फ्यूज अठराशे, मामांची मजुरी बाराशे. पहिल्या फिटिंगचे आठशे पाण्यात गेले.

आता पावसाचं. जून-जुलैत ओल्या चपला घालून गाडीत चढलं की पाणी मॅटवरून थेट सीटखाली. डब्याखाली नायलॉनची ८ मिलिमीटरची पट्टी सरकवलीय, तेवढीच जागा उरली होती. तरी पंधरा दिवसांनी टॉर्च मारून बघतो. मागच्या आठवड्यात अर्थिंगच्या बोल्टभोवती तांबूस कडा दिसली, घासून परत ग्रीस लावलं. आणि पंचगंगा पात्राबाहेर पडल्याची बातमी आली की गाडी उंचावर नेऊन लावतो, आधी बॅटरीजवळचा फ्यूज काढून ठेवतो. डबा जमिनीलगत आहे, पाणी आलं तर सगळ्यात आधी त्यालाच लागणार.