गणपतीला गावी जाताना कुत्र्यासाठी काय बरं: घरी सिटर की बोर्डिंग?

एकटं पडल्यावर दाराची चौकट कुरतडणारा, लाळेने फरशी ओली करणारा कुत्रा हट्टी नसतो, घाबरलेला असतो. म्हणून मुंबईहून कोकणात निघण्याआधी दर नंतर विचारा. आधी विचारा, तो एकटा किती वेळ राहणार?

मला घरचा सिटर, म्हणजे आपल्या घरी येऊन कुत्रा सांभाळणारा माणूस, उजवा वाटतो. वास ओळखीचा, फिरायचा रस्ताही तोच. पण दोनदा येऊन खाणं घालून जाणारा सिटर इथे कामाचा नाही. तोडफोड बहुधा माणूस बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते. सिटरने मुक्कामच करायला हवा, कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही कुत्रा सोबत हवा. तुम्ही घरात असताना सिटरला आधी दोन-तीनदा बोलवा. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

बोर्डिंगमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवून घेणाऱ्या ठिकाणी, दिवसा सोबत मिळते. रात्री पिंजऱ्यात ठेवणार असतील तर नकोच. घाबरलेला कुत्रा गजांवर दात, नखं मोडून घेतो.

पशुवैद्यांशी मात्र आत्ताच बोला. फ्लुओक्सेटिनसारख्या, भीती-चिंता कमी करणाऱ्या औषधाचा पुरता परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात; निघायच्या आदल्या दिवशी सुरू करून भागत नाही.