जुन्या जीपच्या पुढच्या हबला बुश बसवला, त्याला आठ महिने झाले

परवाच्या रविवारी पाऊस जरा थांबला तशी दोन्ही पुढची चाकं उतरवली आणि हब, म्हणजे चाक ज्याला जखडतं तो मधला फिरणारा भाग, उघडून बघितले. नोव्हेंबरात लेथवर हबमधल्या बेअरिंगच्या झिजलेल्या जागांत बुश, म्हणजे पोलादी कड्या, बसवून घेतल्या होत्या, तेव्हापासून गाडी साडेसहा हजार किलोमीटर चालली. उजव्या हबमधलं ग्रीस भरताना होतं त्याच रंगाचं. डाव्यात आतल्या बाजूचं ग्रीस दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी शिरलंय. बुश मात्र चारही जागी ठाम आहेत. ज्यासाठी खर्च केला ते काम टिकलं, आणि ज्याकडे मी काणाडोळा केला तिथून पाणी आत आलं.

गाडी महिंद्राची सीजे ३बी, उंच बॉनेटची, १९७४ ची. अमेरिकेत विलीजने १९५३ साली आणलेलं हे मॉडेल तिकडे १९६८ ला बंद झालं, आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं. माझ्या गाडीचं पेट्रोल इंजिन आधीच्या कुणा मालकानं काढून डिझेल टाकलंय. पाच वर्षांपूर्वी घेतली तेव्हापासून मी तिला 'प्रोजेक्ट' म्हणतो. घरात तिचं नाव 'खड्डा' आहे, कारण पैसे त्यात जातात आणि दिसत नाहीत.

दुखणं जुनंच. चाळीसच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं आणि वळणावर डाव्या चाकातून ड्रम पट्ट्यांना घासल्यासारखा आवाज यायचा. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं की खेळ, म्हणजे सैलपणा, कळायचा. आता हा खेळ बेअरिंगचा की किंगपिनचा (ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती), हे ओळखायची सोपी रीत आहे: दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. माझा जवळजवळ सगळा गेला. म्हणून बेअरिंग बदलली. चार महिन्यांत परत तेच. परत बदलली. दुसऱ्या वेळी मी स्वतः मेस्त्रीच्या शेजारी उकिडवा बसलो आणि तेव्हा दिसलं, की हबमधून बेअरिंगचा कप त्यानं बोटांनी उचलून बाहेर काढला. मेस्त्री म्हणाला, "बघा साहेब, किती अलगद निघालं!" त्याला ते चांगलं लक्षण वाटलं.

तिथंच सगळी मेख होती. टेपर बेअरिंगचे दोन भाग: रोलरवाला कोन स्टबवर (चाक ज्याभोवती फिरतं त्या दांड्यावर) बसतो, बाहेरचा कप हबमध्ये. पुढच्या चाकात स्टब जागेवर राहतो आणि हब फिरतो. वजन नेहमी खालच्या दिशेनं, त्यामुळे फिरणाऱ्या कपाच्या घेरावर ते सरकत सरकत सगळीकडून येतं. कप जर केसभरही सैल असेल तर प्रत्येक फेऱ्यात तो हबमध्ये थोडा थोडा घरंगळतो आणि हबची जागा खात जातो. म्हणून कप हबमध्ये दाबूनच बसला पाहिजे. कोनाचं उलट आहे. स्टबवर तो हातानं सरकला पाहिजे, नाहीतर नट आवळून बेअरिंग सेट करणार कशी? आमच्या भागातले बरेच मेस्त्री नेमकं उलटं धरून चालतात. स्टबवर कोन हलला की तोंड वाकडं करतात आणि कप हातात आला की खूश होतात.

या हबमध्ये आत आणि बाहेर एकच बेअरिंग लागतं, १८५९० चा कोन आणि १८५२० चा कप. कपाचा बाहेरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर. माझ्या डाव्या हबच्या बाहेरच्या जागेचं माप आलं ७३.१८. म्हणजे जिथं पाच शतांश मिलिमीटर आवळ हवा तिथं पंधरा शतांश ढिलाई. उजव्याची बाहेरची जागा त्याहून थोडी बरी. आतल्या दोन्ही जागा कशाबशा कपाच्या मापाला टेकलेल्या, पण गोल राहिलेल्या नाहीत.

बाहेरच्याच जागा जास्त का खाल्ल्या, तेही सांगून टाकतो. आधीच्या मालकानं हौसेनं बाहेर निघालेली रिम आणि रुंद टायर घातले होते. फोटोत जीप भारी दिसते. पण चाकाची मध्यरेषा जितकी बाहेर जाईल तितका बाहेरच्या बेअरिंगवर भार वाढतो, कारण मूळ रचनेत तो दोन्ही बेअरिंगमध्ये वाटलेला असतो. मी परत साधे ६.००-१६ टायर आणि मूळ रिम घातल्या. पोरं म्हणतात गाडी आता बारीक दिसते. दिसू दे.

लेथवर जाण्याआधी दोन स्वस्त उपाय करून बघितले होते. पहिला म्हणजे सेंटर पंच. हबच्या जागेत पंचाचे ठिपके मारायचे, धातू उचलला जातो, कप घट्ट बसल्यासारखा वाटतो. खरं तर तो पंधरा-वीस टोकांवर टेकलेला असतो. ती टोकं दोन घाटांत चेपली. आठशे किलोमीटरला खेळ परत हजर. वाटेत अडकलात तर घरी पोचायला हा उपाय ठीक, त्यापुढे नाही.

दुसरा हिरव्या रिटेनिंग कंपाउंडचा, म्हणजे सैल भाग चिकटवून धरणाऱ्या रसायनाचा. त्याला नावं ठेवणार नाही, चूक माझी होती. असं कंपाउंड पोकळी भरतं, पण धातू पूर्ण कोरडा आणि निर्मळ असला तर. पन्नास वर्षं ग्रीस प्यालेला हब नुसत्या पेट्रोलच्या फडक्यानं पुसून मी लावलं. शिवाय इतक्या ढिल्या जागेत कप मधोमध बसेल याची खात्री काय? एका बाजूला टेकला की तिरपा सुकतो. अडीच महिने चाललं. ढिलाई दोन-चार शतांशाची असती आणि साफसफाई नीट केली असती तर वेगळं झालं असतं, असं अजून वाटतं.

शेवटी शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात राहायचा हा एक फायदा, फाउंड्री आणि लेथ शोधायला लांब जावं लागत नाही. तिघांनी जॉब बघून हात वर केले, एकानं पितळी बुश सुचवला. पितळ मऊ, कपाखाली ठेचलं जाणार, म्हणून नको म्हटलं. चौथ्या शॉपमधले साठीचे मामा भेटले. त्यांनी हब हातात फिरवला, आतून बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न केला, "ड्रम सोडवून आणला न्हाईस व्हय?"

इथं जरा थांबतो, कारण अनेकांचे हब बेअरिंगमुळे नाही तर या कामात मरतात. या जुन्या हबला ड्रम चाकाच्या पाच स्टडांनीच (ज्यांवर चाकाचे नट बसतात त्या खिळ्यांनी) जखडलेला असतो आणि स्टडची मान ठोकून फुगवलेली असते. तसाच हातोड्यानं किंवा प्रेसवर स्टड मागे ढकलला तर ती फुगीर मान हबचं भोक मोठं करून बाहेर येते. मग नवा स्टड त्यात गरागरा फिरतो. आधी ती फुगवटी कापून काढायची, मग स्टड दाबायचा. मामांनी होलसॉसारखं एक पोकळ कटर ड्रिलला लावून पाचही माना उतरवल्या. आणखी एक: माझ्या गाडीच्या डाव्या चाकाचे आटे उलटे आहेत. एका टायरवाल्यानं हे न विचारता मोठा पाइप लावून 'सोडवायचा' प्रयत्न केला होता. दोन स्टड तेव्हाच तुटले, नवे टाकावे लागले.

मूळ काम असं झालं. हबच्या चारही जागा ७८ मिलिमीटरपर्यंत बोअर केल्या, म्हणजे आतून कापून मोठ्या केल्या. कप ज्याला टेकतो तो खांदा जपला. ईएन-८ पोलादाचे बुश बाहेरून पाच शतांश मोठे ठेवून टर्न केले आणि आतून मुद्दाम कमी मापाचे. रात्रभर बुश आमच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीखाली. सकाळी हब भट्टीत दीडशे अंशांपर्यंत तापवला आणि बुश सोडला, टप्पकन बसला. एवढ्या व्यासाला दर अंशाला एक मायक्रॉनच्या आत-बाहेर फरक पडतो, त्यामुळे हिशेब बरोबर जमतो. गार झाल्यावर मग आतलं शेवटचं माप काढलं, ७२.९८.

या कामाचा जीव शेवटच्या बोअरिंगमध्ये आहे. आतली आणि बाहेरची जागा एकाच अक्षावर हवी. एक बाजू करून, जॉब उलटून, परत लेथच्या पकडीत, चकमध्ये, धरून दुसरी बाजू केली तर दोन्ही मापं बरोबर येतील पण रेषा चुकेल, आणि दोन्ही बेअरिंग एकमेकांशी भांडत राहतील. मामांनी हबच्या ड्रम बसायच्या तोंडावर डायल (सरळ फिरतं का ते दाखवणारं मापक) लावून जॉब धरला आणि लांब बोरिंग बारनं दोन्ही जागा एकाच सेटिंगमध्ये उतरवल्या. तुम्ही दुसरीकडे काम देणार असाल तर भाव विचारायच्या आधी हे विचारा. "उलटून धरणार का?" याला "हो, त्यात काय!" असं उत्तर आलं तर हब उचलून बाहेर पडा.

खर्च: लेथचं काम दोन्ही हबचं मिळून चार हजार दोनशे, त्यात बुशचा माल आला. चार बेअरिंग, दोन सील, स्टड, ग्रीस धरून एकंदर साडेआठच्या घरात गेलं. भंगारात जुने हब मिळतात, मीही दोन बघितले, पण त्यांच्या जागा माझ्यासारख्याच खाल्लेल्या निघाल्या. जुना हब घेणार असाल तर खिशात एक नवा कप ठेवा. तो हातानं आत गेला तर हब तिथंच सोडा.

जोडणी घरी केली. तळहातावर ग्रीस घेऊन कोनाच्या रुंद बाजूनं ते दाबत राहायचं, वरून रोलरांमधून बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी काठोकाठ भरू नये. जुने मेस्त्री भरतात आणि तापल्यावर तेच ग्रीस सील ओलांडून ब्रेकपट्टीवर येतं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं, अडखळायला लागलं की एक पैलू, म्हणजे साधारण एक षष्ठांश फेरा मागे. मग लॉक वॉशर, दुसरा नट, वॉशरची पाकळी वळवायची. दुसरा नट आवळल्यावर सेटिंग किंचित बदलतं, म्हणून परत तपासायचं. हे नट दोन इंचाला थोडे जास्त, दोन पूर्णांक एक षोडशांश इंचाच्या पान्याचे. बाजारात तो पाना पटकन मिळत नाही म्हणून सगळे छिन्नी लावून ठोकतात आणि नटाचे कोपरे खातात. मी पाइपाला षट्कोनी तोंड करून पाना बनवून घेतला, तीनशे रुपयांत. या अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात समाधानाची वस्तू तीच.

पहिल्या पाचशे किलोमीटरला दोन्ही बाजूंना किंचित खेळ आला होता. तो घरच्या घरी अर्ध्या पैलूनं काढला. नंतर परत हात लावला नाही.

चालवताना फरक? पन्नासवर स्टिअरिंग एका हातात राहतं. या गाडीत पन्नासच्या पुढे जायची इच्छा इतर कारणांनी होत नाही. घासल्याचा आवाज गेला. ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढायची, तेही बऱ्यापैकी कमी झालं. ड्रम आता सरळ फिरतो, त्याचा हा परिणाम असावा. गगनबावड्यापर्यंतचे पंचावन्न किलोमीटर जाऊन खाली करूळ घाट उतरलो की दोन्ही हबवर हात ठेवून बघायचो. गरम, पण हात टिकेल इतकेच, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे. पूर्वी डाव्यावर हात ठेवता यायचा नाही. किंगपिनचा थोडा खेळ मात्र आता जास्त जाणवतो, बेअरिंगच्या गोंगाटात तो लपला होता.

आता डाव्या हबचं पाणी. सील हबमध्ये बसतं आणि त्याची ओठाळी, म्हणजे आतली मऊ कड, स्टबच्या बुडाशी फिरते. तिथं वर्षानुवर्षं घासून खाच पडलेली मी बघितली होती, नखाला लागत होती. नवं सील टाकलं की भागेल म्हणून सोडून दिली. जूनमध्ये पन्हाळ्याखालच्या शेताकडे जाताना ओढ्यात चाक अर्धं बुडालं. घाट उतरून तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. खाच असलेलं सील ते कसं अडवणार? बाहेरच्या बेअरिंगपर्यंत पाणी गेलेलं नाही, आतल्या कोनावर दोन रोलरांवर तपकिरी डाग आलेत. तो कोन आणि कप दोन्ही बदलतोय.

कप काढताना बुशचा एक तोटा समोर आला. मूळ हबमध्ये कपामागे पंच टेकवायला खाचा असतात. आमच्या बुशनं त्या झाकल्या, आणि नोव्हेंबरात ना मामांच्या लक्षात आलं ना माझ्या. उपाय जुनाच, कपाच्या आतून वेल्डिंगची एक बारीक रेघ फिरवायची. गार होताना कप आकसतो आणि आपसूक सुटतो. निघाला. बुश हलला नाही, माप परत घेतलं, ७२.९८ च. तुम्ही बुश करून घेणार असाल तर खांद्याशी दोन खाचा आधीच ठेवायला सांगा.

स्टबच्या खाचेसाठी पातळ पोलादी स्लीव्ह मागवलीय. ती येईपर्यंत सील दोन मिलिमीटर बाहेर बसवलंय, म्हणजे ओठाळी खाच सोडून कोऱ्या जागेवर टेकते. त्यानंतर तोच ओढा परत ओलांडला, गुडघाभर होता. शनिवारी उघडून बघणार आहे.