पत्र्याचं घर: वरून पांढरं करावं की आतून अस्तर लावावं?

नागपुरात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी तासभर बसून दाखवा, मग कूलरचं बोलू. डोक्यावरचा तवा तापलेलाच राहिला तर कूलर बिचारा काय करणार? वस्तीतली संस्था किंवा बचत गट छतासाठी मदत देत असेल, तर बहुधा या दोनांतलं एक निवडावं लागतं.

पांढरा रंग ऊन पत्र्यातच मुरू देत नाही. 2010 च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करायला घेतली. अशा छताखाली 2 ते 5 अंशांचा फरक धरतात. तेलंगणाने 2023 च्या धोरणात 2028 पर्यंत 300 चौरस किलोमीटर थंड छतांचं लक्ष्य ठेवलं. चुन्यात फेव्हिकॉल कालवून मारला तर अगदी स्वस्तात उन्हाळा निघतो, पण पावसाळ्यात तो धुपतो. तयार उष्णतारोधक रंग महाग. टिकतो काही वर्षं, मात्र धूळ बसली की त्याचा जोर कमी होतो. होळीच्या सुमारास छत धुवायचं, हे ठरलेलं असू द्या. गंज घासल्याशिवाय रंग मारू नये, आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाय देऊ नये.

अस्तर म्हणजे चंदेरी फॉइल लावलेला फोम. पत्रा आणि फॉइल यांत दोन बोटं जागा मोकळी हवी. फॉइल थेट पत्र्याला चिकटवली तर वरच्या चकाकीचा उपयोग राहत नाही, फोमच्या जाडीपुरताच फायदा. खर्च जास्त, पण विदर्भातल्या डिसेंबरात हेच अस्तर ऊबही धरतं, जे रंगाला जमत नाही. उलट उन्हाळ्यात रात्री पत्रा निवला तरी आतली धग अडकते, म्हणून झरोका हवाच. नुसतं थर्माकोल कुणी सुचवलं तर नको म्हणा: गॅसच्या शेगडीवर पेट घेणारी वस्तू, शिवाय उंदरांची सोय.

घर स्वतःचं असेल तर माझा कौल आधी रंगाला. भाड्याची खोली असेल तर खिळ्या-पट्ट्यांवर बसवलेलं अस्तर बरं, सोडताना काढून नेता येतं. गटाला मात्र सुरुवातीलाच विचारा, रंगाचा पुढचा हात कोण मारणार आणि त्याचे पैसे कुठून येणार. पत्रा गळत असेल तर दोन्ही थांबवा. मदतीच्या पैशांतून आधी पत्राच बदलून मिळतो का, ते बघा.