दिवाळीनंतर कुठे: सांदकफू-फालूट की कुवारी पास?

दिवाळीची सुट्टी, पाच-सहा दिवस डोंगरधारेवरची चाल आणि पाठीवर आपलंच ओझं, एवढं ठरलं की आमच्या बडोद्यातल्या ट्रेकवाल्या मंडळींत हीच दोन नावं निघतात: बंगाल-नेपाळ सीमेवरचं सांदकफू-फालूट आणि उत्तराखंडातला कुवारी पास, म्हणजे खिंड. दोन्ही करून झालेत. हवा दोन्हीकडे स्वच्छ, चढ दोन्हीकडे झेपणारा. सॅक घेऊन बडोद्याजवळचा पावागड फारसं न थांबता चढत असाल, तर पायांची काळजी नको.

देखाव्यात सांदकफू सरस. ३६३६ मीटरवरून कांचनजंगा, एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, म्हणजे जगातल्या पहिल्या पाच शिखरांपैकी चार एकाच जागेवरून दिसतात. कुवारीहून दिसणारी नंदादेवी, द्रोणागिरी भव्यच, पण ही मैफल वेगळी. मुक्कामातही सांदकफूच पुढे. तुमलिंग, कालीपोखरीला लॉज, गरम थुक्पा (नूडल्सचं सूप), जाड रजई. कुवारीला तंबू, पहाटे आतल्या कापडावरून नाकावर टपकणारं पाणी, आणि बाकीची सोय उघड्यावर.

मग माझं अडलं कुठे? जीपपाशी. पायथ्याच्या मानेभंजनपासून थेट सांदकफूपर्यंत गाडीरस्ता आहे आणि पायवाट फिरून फिरून त्यालाच येऊन मिळते. धापा टाकत वळण चढावं तर मागून हॉर्न. कडेला सरा, तोंडावर रुमाल धरा, धूळ बसेपर्यंत थांबा, निघा; तेवढ्यात पुढची जीप. माथ्यावर पोचावं तर जॅकेटची इस्त्रीही न मोडलेली मंडळी फोटोच्या जागी आधीच उभी. पावागडलाही रोपवे आहे, पण तो डोक्यावरून जातो, पायऱ्या आपल्याच राहतात. हा माझा तऱ्हेवाईकपणाही असेल. सोबतच्यांना इतकं खटकलं नव्हतं.

कुवारीला पायथ्याच्या ढाक गावाकडची वस्ती मागे पडली की इंजिनाचा आवाज संपतो तो परतेपर्यंत. बांज-बुरांसचं (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं) जंगल, मग एकदम मोकळं गवत. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांत, म्हणजे या उंचावरच्या कुरणांत, रात्री राहायला बंदी घातली, त्यामुळे तंबू खाली झाडीत लावायचा आणि खिंडीचा दिवस लांबतो. लांबू दे. धारेवर भेटला तर एखादा मेंढपाळ भेटतो, आणि तो हॉर्न वाजवत नाही.

घरची वडीलधारी किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर तंबूच्या फंदात पडू नका, सांदकफूच घ्या. फक्त तिथूनच मागे फिरू नका. पुढे फालूटपर्यंतच्या २१ किलोमीटरमध्ये जीपा विरळ होतात, आणि तिथून खाली गोरखे गावाकडे उतरणाऱ्या जंगलात तर नसतातच. बाकीच्यांनी माझं ऐकायचं तर कुवारीसाठी हरिद्वारची तिकिटं काढावीत, तीही लवकर. दिवाळीत बडोद्याहून ती गाडी लगेच भरते. नोव्हेंबर अर्धा उलटला की कुवारीच्या वाटेवरचं पाणी पहाटे गोठलेलं असतं. बाटल्या संध्याकाळीच भरून स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.