कासोंगान की ङ्लांगरान? योग्याकार्ताहून एका दिवसात एकच गाव

जावा बेटावरचं योग्याकार्ता शहर चहूबाजूंनी पसरतंय. कासोंगान दक्षिणेला, बांतुल जिल्ह्यात, शहराला जवळजवळ चिकटलेलं. हे कुंभारांचं गाव. पूर्वी इथे साधी मडकी आणि चुलीवरची भांडी घडत. १९७०च्या दशकात साप्तो हुदोयो या कलावंताच्या प्रोत्साहनाने शोभेच्या वस्तू सुरू झाल्या आणि त्या परदेशीही जाऊ लागल्या. २७ मे २००६च्या भूकंपाने बांतुलला जबर तडाखा दिला. तरी भट्ट्या पुन्हा पेटल्या. लोरो ब्लोन्यो, म्हणजे बसलेल्या वधूवराची जोडी, जरूर पाहा. तिचं नातं भाताची देवता ‘देवी श्री’ हिच्याशी जोडलं जातं. रस्त्यावरची दुकानं मात्र एकसारखीच दिसतात, मजा आहे ती मागच्या अंगणातल्या चाकाजवळ.

ङ्लांगरान पूर्वेला, गुनुंग किदुलच्या डोंगरात, साधारण तासाभराच्या वाटेवर. फार प्राचीन ज्वालामुखीचे उघडे कातळ, कोकोची झाडं, वर पाणी साठवायचा तलाव. जवळच्या काम्पुंग पितू वस्तीत परंपरेने सातच कुटुंबं राहतात. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने ङ्लांगरानला उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. तिथले तरुणच पर्यटनाचा कारभार पाहतात. पावसात कातळ निसरडे होतात, हे लक्षात असू द्या.

हातात अर्धाच दिवस असेल तर कासोंगान. पूर्ण दिवस असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर माझं मत ङ्लांगरानला. खरेदीची हौस असणाऱ्यांनी माझं ऐकू नये.