धाकट्याला पहिल्यांदा बर्फात नेताय? बोटांचे ग्लोव्हज की मिटन्स

आम्ही दोन्ही वापरलेत. (मिटन्स म्हणजे अंगठ्याला वेगळं घर आणि बाकीची चारही बोटं एकाच घरात, असे हातमोजे.) थोरली ७ वर्षांची, धाकटा ३ चा, आणि त्याचा हा पहिलाच बर्फाचा हिवाळा.

आधी बोटांचे ग्लोव्हजच घेतले कारण ताईचे तसेच आहेत आणि ताईकडे जे असेल तेच ह्याला हवं असतं. त्यांची सोय मान्यच, बर्फाचा गोळा नीट वळता येतो, जॅकेटची चेन ओढता येते, स्लेजची दोरी घट्ट धरता येते. मूल ५-६ वर्षांचं असेल तर मीही बहुतेक तेच घेईन.

उबेला मात्र मिटन्स सरस, चारही बोटं एकत्र राहिल्यामुळे एकमेकांना ऊब देतात. घरात आल्यावर मी त्याचे हात हातात घेऊन बघायचो, फरक लगेच कळायचा.

पण माझं ठरलं ते घालण्याच्या खटाटोपावरून. ग्लोव्हजमध्ये करंगळी आणि शेजारचं बोट हटकून एकाच घरात जातात, ती सोडवून परत घालेपर्यंत अंगठा बाहेर, आणि तेवढ्यात हा मूठ वळून मोकळा. पहिल्या दिवशी खिडकीतून बर्फ पडताना दिसला, ताई दारात उभी राहून "चल ना रे लवकर" करतेय आणि मी उंबऱ्याशी बसून त्याची एकेक बोटं घरात घालतोय. बाहेर पोचलो तोवर पडायचा थांबला होता. खाली सगळं पांढरं होतं तरी तो वरच बघत राहिला, त्याला पडताना बघायचा होता ना. ते मला फार लागलं.

मिटन्स आता ताईच घालून देते, "अंगठा वर कर" म्हणते आणि झालं, माझ्यासाठी थांबावंच लागत नाही. परवा तिने त्याला हात आडवा धरायला लावला, गडद निळ्या लोकरीवर एक कण येऊन बसला, सहाच्या सहा पाकळ्या स्पष्ट. "श्वास सोडू नकोस, वितळेल." तो गाल फुगवून बघत बसला आणि मग हळूच म्हणाला, ताई, ह्याला काटे आहेत. (विल्सन बेंटली या अमेरिकन शेतकऱ्याने १८८५ मध्ये मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला, तोही कण काळ्या पाटीवरच झेलायचा.) ग्लोव्हजवरही दिसेल म्हणा, पण मिटनची पाठ चांगली रुंद असते आणि उघड्या तळव्यावर तर कण टेकताच पाणी होतं.

मिटन्सचा त्रास एकच, काही उचलायचं झालं की मुलं ते काढून टाकतात आणि मग एक हरवतो. दोन जोड ठेवा. ओल्या बर्फात लोकर भिजते, तेव्हा वॉटरप्रूफ कापडाचेच बरे. कफ लांब बघा म्हणजे बाहीत नीट खोचता येतो आणि मनगटाशी बर्फ शिरत नाही, आणि रंग शक्यतो गडदच घ्या.